औषध जोखणारी माणसे

घरात तापावरच्या पॅरासिटामॉलच्या गोळ्यांची पट्टी असेल तर ती हातात घ्या आणि तिच्यावरची बारीक अक्षरे वाचा. नावापुढे बहुधा ‘५०० मि. ग्रॅ.’ असे छापलेले दिसेल. पाचशेच का? पन्नास का नाही, किंवा पाच हजार का नाही? पन्नास मिलिग्रॅमने मोठ्या माणसाचा ताप उतरणार नाही आणि पाच हजार एकदम घेतले तर यकृताला इजा होण्याचा धोका. या दोहोंच्या मध्ये कोठे तरी थांबायचे, हे कोणी तरी मोजून ठरवले आहे.

हे मोजमाप करणारे शास्त्र म्हणजे फार्माकॉलॉजी, मराठीत औषधक्रियाशास्त्र. फार्मसी आणि फार्माकॉलॉजी यांत पुष्कळांची गल्लत होते. औषध तयार कसे करावे, गोळी कशी बांधावी, ते टिकवावे कसे, हा फार्मसीचा प्रांत. ते औषध शरीरात गेल्यावर कोठे जाते, काय करते, किती मात्रेत करते आणि बाहेर कसे पडते, हे पाहणे फार्माकॉलॉजीचे काम. मी स्वतः पदार्थविज्ञान शिकवतो. तरीही या शास्त्राविषयी मला आपुलकी वाटते, कारण त्याचा पहिला प्रश्न आमच्यासारखाच ‘किती?’ हा आहे.

असे मोजणारे संशोधक तयार कसे होतात? पीएच. डी. म्हणजे आणखी एक मोठी परीक्षा, अशी बहुतेक विद्यार्थ्यांची समजूत असते. जाडजूड पुस्तके पाठ करायची, शेवटी प्रश्नपत्रिका सोडवायची, की झाले नावामागे ‘डॉ.’! वस्तुस्थिती वेगळी आहे. ती समजावी म्हणून औषधक्रियाशास्त्रातील गुरुशिष्यांची एक साखळी आपण पाहू. तिला पाच कड्या आहेत. पहिली कडी सध्याच्या एस्टोनिया देशात आहे आणि शेवटची अमेरिकेतील एका सरकारी कचेरीत.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युरोपातील वैद्यांच्या पोतडीत औषधांची वाण नव्हती. वनस्पती, धातू, क्षार, प्राण्यांचे अवयव यांच्या याद्याच्या याद्या विद्यार्थ्यांना घोकाव्या लागत. थेरिॲक नावाचे एक प्रसिद्ध औषध शतकानुशतके वापरात होते. त्याच्या जुन्या पाठात साठाहून अधिक पदार्थ असत. ते घेऊन रोगी बरा झाला तर त्यांपैकी कोणत्या पदार्थाने, हे विचारण्याची सोयच नव्हती. कदाचित तो आपोआपही बरा झाला असेल!

इ. स. १८४७ मध्ये रुडॉल्फ बुखहाइम नावाचा सत्तावीस वर्षांचा प्राध्यापक दोर्पात येथील विद्यापीठात औषधे शिकवण्यासाठी दाखल झाला. दोर्पात म्हणजे आजचे तार्तू. गाव तेव्हा रशियन साम्राज्यात होते, पण विद्यापीठातील शिक्षण जर्मन भाषेत चाले. बुखहाइम यांनी औषधांवरील एका इंग्रजी ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले होते आणि ते करताना त्यांतील निरुपयोगी वाटलेली औषधे सरळ गाळून टाकली होती. त्यांचे म्हणणे असे, की औषधांची वर्गवारी ती कोठून मिळतात यावरून न करता ती शरीरात काय करतात यावरून करावी. मात्र ती काय करतात हे पाहायला प्रयोगशाळा हवी. विद्यापीठात ती नव्हती. तेव्हा बुखहाइम यांनी आपल्या राहत्या घराच्या तळघरातच ती थाटली आणि खर्चाचा मोठा भार स्वतः उचलला. प्रायोगिक औषधक्रियाशास्त्राची जगातील पहिली प्रयोगशाळा ती हीच.

खरे नावीन्य त्या तळघरातील उपकरणांत नव्हते. बुखहाइम यांनी आपल्या विद्यार्थ्यांना तेथे कामाला लावले, हे नावीन्य. डॉक्टर पदवीसाठी विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागे. पूर्वी असे प्रबंध ग्रंथालयात बसून, जुन्या पुस्तकांतील मते एकत्र करून लिहिता येत. बुखहाइम यांच्या विद्यार्थ्याला एकच औषध किंवा एकच प्रश्न दिला जाई, आणि त्याने स्वतःच्या हाताने प्रयोग करून उत्तर शोधायचे असे. पुस्तकात काय आहे ते सांगू नकोस, तुला काय दिसले ते सांग, असा हा व्यवहार होता.

साखळीची दुसरी कडी म्हणजे असाच एक विद्यार्थी, ओस्वाल्ड श्मीडेबेर्ग. त्याच्या प्रबंधाचा विषय पाहण्यासारखा आहे. १८४७ च्या अखेरीस स्कॉटलंडमध्ये जेम्स सिंप्सन यांनी भुलीसाठी क्लोरोफॉर्म वापरला आणि थोड्याच काळात तो युरोपभर पसरला. शस्त्रक्रियेतील भयंकर वेदना नाहीशी झाली, पण अवघ्या दोन-तीन महिन्यांत, जानेवारी १८४८ मध्ये, इंग्लंडमधील एक पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या अंगठ्याच्या नखावरील किरकोळ शस्त्रक्रियेच्या वेळी क्लोरोफॉर्म देताच दगावली. पुढेही असे मृत्यू होत राहिले. एकाला सुखाची झोप, दुसऱ्याला मरण, असे का? यावर वादविवाद करणारे पुष्कळ होते. श्मीडेबेर्गने १८६६ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात वाद नव्हता. रक्तात क्लोरोफॉर्म किती आहे हे कसे मोजावे, एवढाच त्याचा विषय होता.

हा प्रश्न लहान दिसतो, पण सोपा नाही. क्लोरोफॉर्म झपाट्याने उडून जातो. रक्त काढून ठेवीपर्यंतच त्यातला काही निसटतो. क्लोरोफॉर्मच्या रेणूतील क्लोरिनवरून त्याचे मापन करावे म्हटले, तर रक्तात मुळातच मीठ असते आणि मिठातही क्लोरिन असतेच. म्हणजे आधी दोन्ही वेगळे करायला हवेत. आपली पद्धत बरोबर आहे याची खात्री कशी करायची? ठाऊक असलेल्या मात्रेचा क्लोरोफॉर्म रक्तात मिसळायचा आणि तेवढाच परत मोजला जातो का ते पाहायचे. कमी भरला तर पुन्हा पहिल्यापासून. असे काम करता करता त्या तरुणाला रसायनशास्त्र आले असेलच. पण आपल्या स्वतःच्या आकड्यावर संशय घ्यायलाही तो शिकला. मला विचाराल तर डॉक्टरेटच्या शिक्षणाचा गाभा हा दुसरा भागच होय.

आमच्या प्रात्यक्षिकांच्या तासाला काय चालते ते तुम्हांला ठाऊक आहे. गुरुत्वत्वरणाचे मूल्य ९.८ यायला हवे, म्हणून आंदोलनांचे वेळ ‘जमवून’ लिहिले जातात. गेल्या वर्षीची जर्नले त्यासाठी फार उपयोगी पडतात! उत्तर आधीच माहीत असते तेथे हे खपून जाते. श्मीडेबेर्गच्या टेबलावर उत्तराचे पान नव्हते. तेथे आकडा जमवायचा तरी कशाशी?

बुखहाइम यांच्यानंतर दोर्पातला काही काळ शिकवून श्मीडेबेर्ग १८७२ मध्ये स्ट्रासबुर्गच्या नव्या विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि १९१८ पर्यंत तेथेच राहिले. या सेहेचाळीस वर्षांत जगाच्या अनेक देशांतून शंभराहून अधिक तरुण त्यांच्याकडे शिकायला आले. अनेकांनी परत जाऊन आपापल्या देशात औषधक्रियाशास्त्राची अध्यासने सांभाळली. श्मीडेबेर्ग यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १८७३ मध्ये सुरू केलेले संशोधनपत्र आजही, त्यांच्या नावासह, प्रसिद्ध होत असते.

त्यांच्या हाताखालून गेलेला विद्यार्थी काय घेऊन जात असे, याचे एक उदाहरण सांगण्याचा मोह आवरत नाही. ते आपल्या साखळीची बाजूची एक फांदी आहे. १८६९ मध्ये श्मीडेबेर्ग आणि त्यांचे सहकारी रिखार्ड कोप यांनी लाल टोपीवर पांढरे ठिपके असणाऱ्या विषारी अळंब्यापासून मस्करीन नावाचे द्रव्य वेगळे काढले. बेडकाच्या हृदयावर ते घातले की हृदय मंदावते आणि थांबते. व्हेगस नावाच्या मज्जातंतूला विजेचा झटका दिला तरी हृदय असेच मंदावते, हे आधीपासून ज्ञात होते. आणि ॲट्रोपीन दिले तर दोन्ही परिणाम नाहीसे होतात. हे ॲट्रोपीन आपल्या धोत्र्याच्याच कुळातील बेलाडोना वनस्पतीत सापडते. आता विचार करा. मज्जातंतूची वीज आणि अळंब्यातील विष यांचा परिणाम एकच का असावा?

या प्रश्नाचे उत्तर मिळायला अर्धे शतक लागले. केंब्रिजचे वॉल्टर डिक्सन यांनी १९०७ च्या सुमारास प्रयत्न केला, पण तो इतरांना पटला नाही. ज्यांनी उत्तर मिळवले त्या ऑटो लोवी यांनी स्ट्रासबुर्गलाच श्मीडेबेर्ग यांच्या मार्गदर्शनाखाली, बेडकाच्या सुट्या केलेल्या हृदयावर, आपला प्रबंध केला होता. लोवी यांनी १९२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग असा: बेडकाची दोन हृदये घेतली. पहिल्याचा व्हेगस तंतू उत्तेजित केला; ते मंदावले. त्यातील क्षारद्रव काढून दुसऱ्या हृदयात भरला. दुसऱ्याला कोणताही झटका दिलेला नव्हता, तरी तेही मंदावले! म्हणजे मज्जातंतू हृदयाशी रासायनिक द्रव्याच्या द्वारा बोलतो. ते द्रव्य ॲसिटिलकोलीन असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि १९३६ चे नोबेल पारितोषिक लोवी व हेन्री डेल यांना मिळाले. लोवींना हा प्रयोग स्वप्नात सुचला, अशी कथा ते स्वतः सांगत आणि ती फार लोकप्रिय आहे. सुचला असेल. पण पहाटे तीन वाजता उठून प्रयोगशाळेत जाऊन तो तडीस नेणारे हात स्वप्नाने दिले नव्हते. शिवाय सुरुवातीला इतरांना हा प्रयोग जमेना, तेव्हा १९२६ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत लोवींनी तो सर्वांसमक्ष पुन्हा पुन्हा करून दाखवला. स्वप्नाची गोष्ट सांगणारे परिषदेची गोष्ट सहसा सांगत नाहीत.

आता मूळ साखळीकडे वळू. तिसरी कडी, जॉन जेकब एबल. हा अमेरिकन तरुण १८८४ मध्ये युरोपात शिकायला गेला आणि सहा-सात वर्षे या गुरूकडून त्या गुरूकडे फिरत राहिला. श्मीडेबेर्ग यांच्याकडेही त्याने काम केले आणि १८८८ मध्ये स्ट्रासबुर्गची पदवी घेतली. परतल्यावर १८९३ पासून बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी औषधक्रियाशास्त्राचा विभाग उभारला. अमेरिकेतील या शास्त्राचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतात. १९१३ मध्ये त्यांनी दोन तरुण सहकाऱ्यांसह कुत्र्याचे रक्त शरीराबाहेर कोलोडिऑनच्या नळ्यांतून फिरवून त्यातील विरघळलेली द्रव्ये गाळून काढली. आजच्या डायालिसिसचा हा पूर्वज! नळ्यांत रक्त गोठू नये म्हणून लागणारे द्रव्य तेव्हा जळवांच्या डोक्यांपासून काढावे लागे. १९२६ मध्ये, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी, एबल यांनी इन्शुलिनचे स्फटिक मिळवले.

इन्शुलिनच्या या कामात त्यांच्याबरोबर असलेले यूजीन गायलिंग ही चौथी कडी. १९३६ मध्ये गायलिंग शिकागो विद्यापीठात नवा विभाग सुरू करण्यासाठी गेले. कॅनडातील एका तरुण पदवीधराने त्यांना पत्र लिहून काम मागितले. पत्राखाली सही होती, फ्रान्सेस ओल्डहॅम. इंग्रजीत ‘फ्रान्सिस’ हे पुरुषाचे नाव आणि ‘फ्रान्सेस’ हे स्त्रीचे. फरक एका अक्षराचा. उत्तर आले ते ‘मिस्टर ओल्डहॅम’ यांच्या नावाने, शिष्यवृत्तीसह! आपण स्त्री आहोत हे कळवावे की नाही, असा प्रश्न या एकवीस वर्षांच्या मुलीला पडला. तिच्या प्राध्यापकांनी तिला सल्ला दिला, की सही कर, कंसात ‘मिस’ लिही आणि निघ. पत्त्यावर ‘मिस’ असते तर जागा मिळाली असती का, याविषयी बाईंना पुढे आयुष्यभर शंका होती.

प्रबंधासाठी गायलिंग यांनी तिला दिलेला विषय होता मेंदूच्या तळाशी असणारी पिट्युटरी ग्रंथी. तुमच्या-आमच्या शरीरात या ग्रंथीचे पुढचे आणि मागचे पाळे एकमेकांना चिकटलेले असते. त्यामुळे कोणत्या पाळ्यातून काय स्रवते हे सांगणे कठीण. देवमाशात आणि आर्माडिलो या खवलेधारी प्राण्यात ती वेगळी असतात. म्हणून प्रबंध आर्माडिलोवर! विचारायचा प्रश्न ज्या प्राण्यात सुटा होऊन मिळतो तो प्राणी निवडणे, हाही शिकण्याचा भाग.

पण तिचे सर्वांत मोठे शिक्षण अभ्यासक्रमात नव्हते. १९३७ च्या शरद ऋतूत अमेरिकेत सल्फानिलामाइड या जंतुनाशक औषधाचे एक गोड, पातळ रूप बाजारात आले. काही आठवड्यांत शंभरावर माणसे मूत्रपिंडे बंद पडून मेली. त्यांत लहान मुले पुष्कळ होती. बाजारात आणण्यापूर्वी ते सुरक्षित आहे का हे तपासण्याची कायद्याने सक्तीच नव्हती. तपासाचे काम गायलिंग यांच्या विभागाकडे आले आणि विद्यार्थिनी ओल्डहॅमला उंदरांवर लक्ष ठेवण्याचे काम मिळाले.

या प्रयोगाची रचना नीट पाहा. शिक्षकांनी ती फळ्यावर काढून दाखवावी. औषधात दोन मुख्य गोष्टी होत्या: सल्फानिलामाइड, आणि ते विरघळवण्यासाठी वापरलेले डायएथिलीन ग्लायकॉल. एका गटाला बाजारातील तयार औषध दिले. दुसऱ्याला नुसते सल्फानिलामाइड. तिसऱ्याला नुसते ग्लायकॉल. तयार औषधाच्या गटातील प्राणी दगावले. नुसत्या ग्लायकॉलच्या गटातीलही त्याच रीतीने दगावले. नुसत्या सल्फानिलामाइडचे तसे झाले नाही. गुन्हेगार सापडला! दोन गोष्टी एकत्र असताना दोष कोणाचा, हे नुसत्या तर्काने ठरत नाही. त्यांना वेगळे करून, बाकी सर्व सारखे ठेवून पाहावे लागते. थेरिॲकमधील साठ पदार्थांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. पुढच्याच वर्षी, १९३८ मध्ये, अमेरिकेत नवे औषध विकण्यापूर्वी सुरक्षिततेचा पुरावा सादर करण्याचा कायदा झाला, आणि त्याच वर्षी फ्रान्सेस ओल्डहॅमला पीएच. डी. मिळाली.

दुसऱ्या महायुद्धात शिकागोला हिवतापावरील औषधांवर काम चालले होते. ओल्डहॅमबाई आणि त्यांचे सहकारी एलिस केल्सी (ज्यांच्याशी त्यांनी १९४३ मध्ये विवाह केला) यांनी सशांमध्ये क्विनीनचे विघटन कसे होते ते तपासले. सशाचे यकृत क्विनीन झपाट्याने मोडते. पण पोटातील गर्भाला ते मोडता येत नाही, असे त्यांना आढळले. म्हणजे आईला पचणारे औषध गर्भाला पचेलच असे नाही. तेव्हा या निरीक्षणाला फारसे महत्त्व आले नाही. वहीत ते राहिले, आणि बाईंच्या डोक्यातही.

१९६० मध्ये फ्रान्सेस केल्सी वॉशिंग्टनमधील अन्न व औषध प्रशासनात रुजू झाल्या. त्यांच्या टेबलावर आलेल्या पहिल्याच अर्जांपैकी एक होता थॅलिडोमाइडचा. हे झोपेचे औषध पश्चिम जर्मनीत १९५७ पासून विकले जात होते, गरोदरपणातील मळमळीवरही स्त्रिया ते घेत, आणि ते अगदी निर्धोक असल्याची ख्याती होती. अर्ज मंजूर करायला साठ दिवसांची मुदत. सोपे प्रकरण म्हणून ते नव्या बाईंकडे दिले गेले होते.

बाईंनी कागद वाचले आणि परत पाठवले. औषध शरीरात किती शोषले जाते याचा पुरावा तोकडा होता. प्रशंसापत्रे भरपूर होती, मोजमापे थोडी. कंपनीने आणखी कागद दिले. बाईंनी पुन्हा त्रुटी काढल्या. फोन आले, भेटी झाल्या, वरिष्ठांकडे तक्रारी गेल्या. इतक्यात एका ब्रिटिश डॉक्टरचे वैद्यकीय नियतकालिकातील छोटे पत्र बाईंच्या वाचनात आले: हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांच्या हातापायांना मुंग्या येतात. मज्जातंतूंना इजा करणारे हे औषध गर्भाला काय करत असेल? क्विनीन आणि सशांचे गर्भ त्यांना आठवले. गरोदरपणात ते निर्धोक असल्याचा पुरावा द्या, असे त्यांनी मे १९६१ मध्ये कळवले. तसा पुरावा कोणाकडेच नव्हता.

नोव्हेंबर १९६१ मध्ये जर्मनीतून बातमी आली. हातपाय नसलेली किंवा अत्यंत तोकडे हातपाय असलेली बालके जन्माला येत होती, आणि त्यांच्या मातांनी थॅलिडोमाइड घेतले होते. जगभरात अशा बालकांची संख्या दहा हजारांच्या वर मानली जाते. अमेरिकेत औषध विक्रीला आलेच नाही. ‘चाचणी’ म्हणून डॉक्टरांमार्फत वाटलेल्या गोळ्यांमुळे काही थोडी बालके मात्र तेथेही बाधित झाली. १९६२ मध्ये अध्यक्ष केनेडी यांनी बाईंचा सन्मान केला. त्या १०१ वर्षे जगल्या आणि २०१५ मध्ये निवर्तल्या.

दोर्पातच्या तळघरातून स्ट्रासबुर्ग, तेथून बाल्टिमोर, शिकागो आणि अखेर वॉशिंग्टनची ती कचेरी. बुखहाइम, श्मीडेबेर्ग, एबल, गायलिंग, केल्सी. एकाच्या हाताखाली दुसरा शिकला. यांचे विषय पाहिले तर क्लोरोफॉर्म, इन्शुलिन, आर्माडिलोची ग्रंथी, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. प्रबंधातील माहिती दहा-वीस वर्षांत शिळी होते. ‘किती? कशाच्या तुलनेत? कशावरून?’ हे तीन प्रश्न मात्र हातोहात पुढे गेले. ते पुस्तकातून का जात नाहीत, असे कोणी विचारील. पोहण्याचे पुस्तक वाचून कोणी पोहायला शिकलेला तुम्ही पाहिला आहे का?

आपल्या देशाचा या कथेशी संबंध आहे. लोवींच्या आधी ज्यांनी तसा प्रयत्न केला त्या केंब्रिजच्या डिक्सन यांच्याकडे काम केलेले रामनाथ चोप्रा १९२१ मध्ये कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये औषधक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. आपल्याकडील वनौषधी घेऊन त्यांतील क्रियाशील द्रव्ये प्रयोगशाळेत तपासण्याची परंपरा त्यांनी रुजवली. सर्पगंधाही त्यांत होती. पुढे याच सर्पगंधेची रक्तदाबावरील उपयुक्तता मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रुग्णांवरील निरीक्षणांनिशी एका ब्रिटिश नियतकालिकात मांडली आणि जगाचे लक्ष तिच्याकडे वेधले. १९३० मध्ये सरकारने नेमलेल्या औषध चौकशी समितीचे अध्यक्षही चोप्राच होते. त्या समितीच्या शिफारशींतून १९४० चा औषध कायदा आला.

कायदा आला म्हणजे काम संपले असे मात्र नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरिनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल होते. होय, १९३७ चे तेच द्रव्य. २०२२ मध्ये आफ्रिकेतील गांबिया देशात बालकांच्या मृत्यूंचा संबंध ज्या खोकल्याच्या औषधांशी जोडला गेला, ती भारतात बनलेली होती आणि त्यांतही हेच आढळले. गायलिंग यांच्या उंदरांनी दिलेले उत्तर ग्रंथालयात पडून असून भागत नाही. ते विचारणारी, मोजणारी माणसे प्रत्येक पिढीत नव्याने घडवावी लागतात.

आपल्याकडे ती घडतात कशी? एम. फार्म., एम. एस्सी. किंवा वैद्यकातील एम. डी. नंतर पीएच. डी. ला प्रवेश घेता येतो. २०२२ च्या नियमांप्रमाणे तिला किमान तीन वर्षे लागतात. प्रत्यक्षात बहुधा अधिकच. सुरुवातीला संशोधनपद्धती, संख्याशास्त्र, संशोधनातील नीतिनियम यांचे वर्ग असतात. प्राण्यांवर प्रयोग करायचा तर संस्थेच्या नीतिसमितीची परवानगी आधी घ्यावी लागते. शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन, नाही तर कमीत कमी प्राणी आणि कमीत कमी यातना, हे सूत्र रसेल आणि बर्च या दोघांनी १९५९ मध्ये मांडले व ते आता सर्वत्र मानले जाते. पुष्कळ प्रश्न आज पेशींच्या संवर्धनावर किंवा संगणकावर सुटतात. तरी पहिले वर्ष-दीड वर्ष साधारण सारखेच जाते: प्रयोग जमत नाही, आकडे जुळत नाहीत, मार्गदर्शक विचारतात की तुलनेचा गट कोठे आहे. या काळात खचून जाणारे असतात, आणि आकडे ‘जमवण्याचा’ मोह होणारेही असतात. दुसऱ्यांसाठी जर्नल कॉपी करण्याची शाळेतली सवय घातक ठरते, कारण येथे जमवलेल्या आकड्यावर पुढे कोणाच्या तरी मुलाची मात्रा ठरणार असते.

या कामाची चव शाळेतही घेता येईल. प्राणी नको, प्रयोगशाळाही नको. औषधाऐवजी मीठ आणि रुग्णाऐवजी मूग घ्या. दहा ग्रॅम मीठ थोड्या पाण्यात विरघळवून, आणखी पाणी घालून ते ५०० मिलिलिटर करा. हे दोन टक्क्यांचे द्रावण. त्यातील निम्मे दुसऱ्या भांड्यात घेऊन तितकेच साधे पाणी मिसळा, म्हणजे एक टक्का झाला. याच रीतीने अर्धा आणि पाव टक्का करा. पाचवे भांडे साध्या पाण्याचे. ते विसरलात तर सारा खटाटोप फुकट. पाच वाट्यांत सारखा कापूस, प्रत्येकीत निवडून घेतलेले वीस मूग आणि सारखे मोजून द्रावण घाला. वाट्या झाकून ठेवा. उघड्या राहिल्या तर पाणी उडून मिठाचे प्रमाण वाढत जाईल. पाचही वाट्या एकाच जागी असाव्यात, एक उन्हात नि एक सावलीत असे नको. ‘मोड आला’ कशाला म्हणायचे, समजा दोन मिलिमीटरच्या वर, हे मोजण्यापूर्वीच ठरवून वहीत लिहा. दोन दिवसांनी मोजा, आडव्या अक्षावर मिठाचे प्रमाण आणि उभ्या अक्षावर मोड आलेल्या मुगांची संख्या घेऊन आलेख काढा, आणि साध्या पाण्यातल्यापेक्षा निम्म्या मुगांनाच मोड येतील अशी मात्रा आलेखावरून वाचा. औषधक्रियाशास्त्रज्ञ जो आलेख रोज काढतात तो हाच. सबंध प्रयोग तीनदा करा. तिन्ही वेळा उत्तर सारखे येणार नाही, आणि किती वेगळे येते हेही लिहायचे आहे.

शिक्षकांना एक सूचना. वाट्यांवर टक्केवारी न लिहिता क, ख, ग, घ, च अशी अक्षरे उलटसुलट क्रमाने लिहावीत. कोणत्या अक्षराला कोणते द्रावण याची चिठ्ठी एका पाकिटात बंद करून आपल्याजवळ ठेवावी. मूग मोजणाऱ्या मुलांना ती दाखवू नये. सर्व आकडे वहीत शाईने लिहून झाल्यावरच पाकीट फोडावे.